दांडगाई आणि दम

आपल्याकडे हॉकी म्हटली म्हणजे मोकळें मैदान, वांकड्या टोकाच्या काठ्या आणि पांढरा चेंडू हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. या खेळांत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाणें हा अपराध समजला जातो. खांद्यानें ढकललें कीं पंचाची शिटी वाजलीच. परंतु कॅनडा व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या देशांत याच नांवाचा दुसरा एक खेळ लाखों लोकांना वेड लावीत असतो. तो बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळतात. आणि त्यांत अंगाला अंग भिडविणें हा अपराध नसून तें खेळाचें एक अंगच आहे. त्यामुळें तेथील धंदेवाईक संघांपुढें दर उन्हाळ्यांत एक प्रश्न उभा राहतो. संघांत कौशल्य किती ठेवावें आणि बळ किती ठेवावें? हा प्रश्न केवळ क्रीडांगणाचा नाहीं. तो पैशाचा आहे, न्यायाचा आहे, आणि कधीं कधीं माणसाच्या जीविताचाहि आहे. न्यूयॉर्क शहरांतील एका प्रसिद्ध संघाच्या हकीकतीवरून तो नीट समजण्यासारखा आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. बर्फाचें हें क्रीडांगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें. त्याच्या कडेनें सुमारें साडेतीन फूट उंच फळ्यांची भिंत व तिच्यावर जाड कांच असते. चेंडूच्या जागीं टणक रबराची एक चकती असते. तिला 'पक' म्हणतात. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच, आणि वजन सहा औंसांपर्यंत भरतें. चांगल्या खेळाडूनें फटकारलेली चकती ताशीं १५० किलोमीटरांहून अधिक वेगानें जाते. प्रत्येक बाजूस एका वेळीं गोलरक्षक धरून सहा गडी असतात आणि वीस वीस मिनिटांच्या तीन डावांत सामना होतो. श्रम इतके असतात कीं, सामान्यतः पाऊण मिनिट खेळून गडी बाहेर येतो आणि ताजा गडी त्याच्या जागीं जातो. म्हणून एका सामन्यासाठीं प्रत्येक संघ वीस गडी घेऊन उतरतो. त्यांतील आघाडीचे उत्तम खेळाडू साठ मिनिटांपैकीं वीसएक मिनिटें खेळतात. शेवटच्या फळींतल्यांच्या वांट्यास दहाच्या आसपास मिनिटें येतात. ही वांटणी लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

ज्याच्यापाशीं चकती आहे त्याला खांद्यानें किंवा कमरेनें धडक देऊन ती सोडावयास लावणें नियमाला धरून आहे. मात्र डोक्यावर नेम धरणें, पाठीमागून फळीवर लोटणें, काठी आडवी धरून मारणें, पायांत पाय घालून पाडणें हें सारें निषिद्ध आहे. अपराध लहान असेल तर दोन मिनिटें, मोठा असेल तर पांच मिनिटें अपराध्याला एका कठड्यांत बसवून ठेवतात. दोघे गडी हातमोजे टाकून ठोशांवर आले, तर दोघांनाहि पांच पांच मिनिटें बसावें लागतें. परंतु तेवढ्यावरून त्यांना सामन्यांतून हांकलून देत नाहींत. म्हणजे मारामारीला येथें शिक्षा आहे, पण बंदी नाहीं. या एका फटींतून एक निराळाच पेशा जन्मास आला. गोल करणें हें ज्याचें मुख्य काम नव्हे, तर आपल्या संघांतील नाजूक व कुशल गड्यांना कोणी इजा केली असतां त्याचा समाचार घेणें हें ज्याचें काम, असा गडी संघ बाळगूं लागले. त्याला आपण 'धाकाचा गडी' म्हणूं.

आतां उन्हाळ्यांतील उलाढालीविषयीं. हा खेळ चालविणारी मुख्य संस्था नॅशनल हॉकी लीग ही १९१७ सालीं स्थापन झाली. तिचा हंगाम ऑक्टोबरांत सुरू होतो. एप्रिलपर्यंत साखळी सामने, नंतर सोळा संघांच्या बादफेऱ्या, आणि शेवटीं स्टॅनले चषक. चषक कोणाचा हें ठरलें कीं खेळाडूंचा विसावा सुरू होतो, व्यवस्थापकांचा नव्हे. त्यांचे खरे कष्टाचे दिवस हेच. या दोन-तीन महिन्यांत जुने करार संपतात, नवीं मुलें निवडलीं जातात, आणि संघ आपसांत गड्यांची अदलाबदल करतात. गड्याच्या मोबदल्यांत गडी मिळतो, किंवा पुढील निवडींत एखादा तरुण उचलण्याची पाळी मिळते. परंतु या बाजारांत हात सढळ सोडतां येत नाहीं, कारण प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला लीगनें मर्यादा घातलेली असते. २०२१-२२ च्या हंगामासाठीं ती ८ कोटी १५ लाख डॉलर होती. यामुळें संघ बांधणें हें ठराविक मिळकतींत प्रपंच चालविण्यासारखें होतें. एके ठिकाणीं खर्च वाढला कीं दुसरीकडे हात आखडावा लागतो. बळकट गडी आणावयाचा, तर त्याचा पगार आणि त्याची जागा कोणा तरी दुसऱ्या गड्याच्या वांट्यांतूनच काढावी लागते. बळ फुकट मिळत नाहीं, हें या सर्व हकीकतीचें मूळ सूत्र आहे.

न्यूयॉर्क रेंजर्स हा संघ १९२६ सालीं निघाला. मॅडिसन स्क्वेअर गार्डन हें त्याचें घर. १९२८, १९३३ व १९४० असे तीन वेळां चषक जिंकल्यानंतर चौथ्या चषकासाठीं त्याला १९९४ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षें, वाट पाहावी लागली. २०१८ च्या फेब्रुवारींत संघाच्या चालकांनीं आपल्या चाहत्यांना पत्र लिहून जाहीर केलें कीं, ओळखीचे जुने गडी जातील आणि तरुणांचा नवा संघ उभा केला जाईल. त्याप्रमाणें तरुण आले. २०१९ च्या उन्हाळ्यांत आर्तेमी पानारिन या रशियन खेळाडूशीं सात वर्षांचा करार झाला. त्याचें वार्षिक वेतन सरासरीनें १ कोटी १६ लाख डॉलरांहून थोडें अधिक, म्हणजे संघाच्या सर्व पगाराच्या सुमारें एक सप्तमांश इतकें होतें. त्याचा देशबंधु पावेल बुचनेविच याच संघांत होता. संघ चपळ होता, हुशार होता. परंतु अंगानें हलका होता.

३ मे २०२१ रोजीं या संघाचा सामना वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाशीं गार्डनमध्यें झाला. वॉशिंग्टनचा टॉम विल्सन हा सुमारें शंभर किलो वजनाचा, उत्तम खेळणारा, परंतु धडकांविषयीं कुप्रसिद्ध असलेला गडी. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत अशाच एका धडकेबद्दल त्याला सात सामन्यांची बंदी भोगावी लागली होती. या सामन्यांत गोलासमोर झालेल्या झोंबाझोंबींत बुचनेविच बर्फावर पालथा पडला असतां विल्सननें त्याला ठोसा मारला. त्याला आवरण्यासाठीं पानारिन पाठीमागून त्याच्या अंगावर गेला, तेव्हां विल्सननें त्यालाहि उचलून बर्फावर आपटलें. पानारिनच्या डोक्यावर त्या वेळीं शिरस्त्राण नव्हतें. त्या हंगामांतील उरलेले सामने त्याला खेळतां आले नाहींत.

लीगनें विल्सनला ५,००० डॉलर दंड केला. नियमाप्रमाणें त्या दंडाची कमाल मर्यादाच तेवढी होती. ज्याचें वार्षिक वेतन पन्नास लाख डॉलरांहून अधिक, त्याला पांच हजारांची काय मातब्बरी? रेंजर्सच्या चालकांनीं दुसऱ्या दिवशीं जाहीर पत्रक काढलें, आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचें खातें सांभाळणारे जॉर्ज पॅरोस हे त्या पदास अपात्र आहेत असें त्यांत म्हटलें. पॅरोस हे स्वतः खेळत असतांना धाकाचे गडी म्हणूनच प्रसिद्ध होते. या पत्रकाबद्दल लीगनें रेंजर्स संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. पडलेल्या माणसाला मारल्याचा दंड पांच हजार, आणि त्याविरुद्ध बोलल्याचा दंड त्याच्या पन्नास पट! न्यायाच्या या तराजूकडे पाहून पुष्कळांची अशी समजूत झाली कीं, दाद मागून उपयोग नाहीं. आपलें रक्षण आपणच केलें पाहिजे.

५ मे रोजीं हेच दोन संघ पुन्हां समोरासमोर आले. त्याच दिवशीं रेंजर्सचे अध्यक्ष जॉन डेव्हिडसन व मुख्य व्यवस्थापक जेफ गॉर्टन यांना दूर करण्यांत आलें आणि दोन्ही अधिकार ख्रिस ड्रुरी यांच्याकडे आले. सामना सुरू होण्याची चकती बर्फावर पडते न पडते तोंच तीन जोड्यांनीं हातमोजे फेकले. पहिल्या पांच मिनिटांत सहा मारामाऱ्या झाल्या. रेंजर्सनीं आपला राग दाखविला. मात्र सामना वॉशिंग्टननें ४ विरुद्ध २ गोलांनीं जिंकला. मारामारीनें मन मोकळें होतें, फलक बदलत नाहीं, हा धडा त्याच रात्रीं मिळाला होता.

आठवडाभरानें प्रशिक्षक डेव्हिड क्विन यांनाहि निरोप मिळाला आणि जून महिन्यांत जेरार्ड गॅलंट यांची नेमणूक झाली. मग खेळाडूंची पाळी आली. जुलै महिन्यांत टँपा बे संघाकडून बार्क्ले गुड्रो याचे हक्क मिळवून त्याच्याशीं सहा वर्षांचा करार करण्यांत आला. रक्कम २ कोटी १८ लाख ५० हजार डॉलर. बुचनेविच याला सेंट लुई संघाकडे देऊन त्याच्या बदलीं सॅमी ब्ले हा धडक देणारा गडी आणि दुसऱ्या फेरींतील निवडीची एक पाळी घेण्यांत आली. बचावाच्या फळीसाठीं पॅट्रिक नेमेथ हा धिप्पाड स्वीडिश गडी तीन वर्षांच्या करारानें आला. आणि शेवटीं, तिसऱ्या फेरींतील एक पाळी देऊन लास वेगसच्या संघाकडून रायन रीव्ह्ज याला आणलें. रीव्ह्ज हा त्या काळांतील लीगमधील सर्वांत नांवाजलेला धाकाचा गडी होता. एका उन्हाळ्यांत चार बळकट गडी आंत आले आणि ५४ सामन्यांत २० गोल करणारा एक कुशल गडी बाहेर गेला. बुचनेविच जाण्यांत पैशाचाहि भाग होता, हें खरें. त्याचा करार संपला होता आणि नव्या करारांत तो बरीच अधिक रक्कम मागणार हें उघड होतें. सेंट लुईनें त्याला वर्षास ५८ लाख डॉलर दिले. परंतु त्याच वेळीं रेंजर्सनीं गुड्रोला वर्षास सुमारें ३६ लाख डॉलर देण्याचें पत्करलें, यावरून चालकांच्या मनांतील तोल कोणत्या बाजूस झुकला होता तें दिसतें.

येथें थोडें थांबून 'बळ' या शब्दाची फोड केली पाहिजे, कारण त्यांत दोन निराळ्या गोष्टी एकवटलेल्या आहेत. एक आहे दांडगाई. म्हणजे दुसऱ्याला भय दाखविण्याची शक्ति. दुसरा आहे दम. म्हणजे मार बसत असतां आपलें काम न सोडण्याची शक्ति. धाकाचा गडी दांडगाईसाठीं ठेवतात. गोलासमोरच्या गर्दींत काठ्यांचे फटके सोशीत जो उभा राहतो, वेगानें येणाऱ्या चकतीपुढें जो आपलें अंग आडवें घालतो, धडक बसणार हें दिसत असूनहि जो कोपऱ्यांत चकतीसाठीं शिरतो, त्याच्या ठिकाणीं दम असतो. दांडगाई लोकांच्या डोळ्यांत भरते. दम जवळून पाहिल्याखेरीज दिसत नाहीं. म्हणून अपमानानंतर संघ बहुधा पहिली वस्तु विकत घेण्यास धांवतात.

दांडगाईच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. बळी तो कान पिळी, हा व्यवहार जगांत सगळीकडे आहे. पंचाची दृष्टि सर्वत्र पोंचत नाहीं. दंड क्षुल्लक असतात. अशा वेळीं आपल्या बाकावर एक भक्कम माणूस बसलेला आहे या जाणिवेनें कुशल गडी निर्धास्तपणें खेळतो, असें ते म्हणतात. परंतु त्यावर आक्षेपहि तितकाच सबळ आहे. धाकाचा गडी साठांपैकीं दहा मिनिटें खेळतो. कुशल गड्यावर हल्ला होतो तेव्हां तो बहुधा बाकावर बसलेला असतो. मागाहून जाऊन त्यानें भांडण उकरून काढलें, तर जास्तीची शिक्षा त्यालाच होते व संघ अडचणींत येतो. आणि ज्या उत्तम खेळणाऱ्या दांडग्याला रोखावयाचें, तो अशा गड्याशीं दोन हात करण्यास बांधलेला नसतो. लीगमध्यें मारामाऱ्या कमी होत गेल्या त्याचें हें एक कारण आहे. १९८० नंतरच्या दशकांत सरासरीनें दर सामन्यास एखादी मारामारी ठरलेलीच असे. २०२० च्या सुमारास हें प्रमाण पांच-सहा सामन्यांत एक इतकें खालीं आलें होतें.

या पेशाची किंमत कोणी दिली, हेंहि सांगितलें पाहिजे; कारण याच रेंजर्स संघानें ती जवळून पाहिली आहे. २०१० च्या उन्हाळ्यांत त्यांनीं डेरेक बूगार्ड याला चार वर्षांच्या, ६५ लाख डॉलरांच्या करारानें आणलें होतें. उंची सहा फूट सात इंच. लीगमधील अत्यंत भयप्रद गडी अशी त्याची ख्याति. लीगमधील साऱ्या कारकीर्दींत २७७ सामन्यांत त्यानें तीनच गोल केले, कारण त्याला गोलांसाठीं कोणी ठेवलेंच नव्हतें. न्यूयॉर्ककडून तो अवघे २२ सामने खेळला. डिसेंबर २०१० मधील एका मारामारींत त्याच्या मेंदूस हादरा बसला, आणि तो पुन्हां बर्फावर उतरला नाहीं. १३ मे २०११ रोजीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, वेदनाशामक औषध व मद्य यांच्या अतिरेकानें त्याचा मृत्यु झाला. पुढें बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्याचा मेंदू तपासला, तेव्हां डोक्यावर वारंवार होणाऱ्या आघातांनीं जडणारा मेंदूचा विकार त्यांत आढळला. ज्या ठोशांसाठीं प्रेक्षक उठून टाळ्या वाजवीत, त्यांचा हिशेब त्या मेंदूंत जमत गेला होता. प्रत्येक धाकाच्या गड्याची हीच गति होते असें नाहीं. परंतु दांडगाई विकत घेणाऱ्यानें ती कोणाच्या डोक्यावर तोलून घेतली जाते हें विसरतां कामा नये.

मग बळाच्या आधारें चषक कोणी जिंकलाच नाहीं काय? जिंकला आहे; आणि तेथेंच दांडगाई व दम यांतील फरक कळतो. फिलाडेल्फिया फ्लायर्स हा संघ १९६८ व १९६९ अशा दोन्ही वर्षीं बादफेऱ्यांत सेंट लुईच्या अधिक धिप्पाड गड्यांकडून हरला. मालक एड स्नायडर यांनीं, आपला संघ पुन्हां कोणाकडून असा रगडला जाऊं नये, असा निश्चय केला. १९६९ च्या निवडींत त्या संघानें डेव्ह शुल्ट्झ याच्यासारखे दांडगे तरुण उचलले. शुल्ट्झ १९७४-७५ च्या एका हंगामांत एकूण ४७२ मिनिटांच्या शिक्षेस पात्र ठरला. तो उच्चांक पुढें पन्नास वर्षें अबाधित राहिला. १९७४ व १९७५ सालीं फिलाडेल्फियानें चषक जिंकला. लोक म्हणाले, ठोशांनीं चषक मिळाला. परंतु दोन्ही वर्षीं निर्णायक सामन्यांत गोलरक्षक बर्नी पॅरंट यानें एकहि गोल होऊं दिला नाहीं. आणि त्याच १९६९ च्या निवडींत शुल्ट्झच्या आधीं बॉबी क्लार्क हा अद्वितीय खेळाडू घेतलेला होता, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत राहिली नाहीं. १९७६ सालीं माँट्रिअलच्या वेगवान संघानें अंतिम फेरींत त्यांना सलग चार सामन्यांत हरविलें, तेव्हां ठोसे होते तेथेंच होते.

दुसरें उदाहरण टँपा बे संघाचें. २०१८-१९ च्या हंगामांत ६२ सामने जिंकून हा संघ बादफेरींत आला आणि पहिल्याच फेरींत कोलंबस संघाकडून सलग चार सामने हरला. चालकांनीं आपले कुशल गडी मोडींत काढले नाहींत. त्यांनीं त्यांच्या भोंवतीं दमाचे गडी आणले. त्यांत २०२० च्या फेब्रुवारींत घेतलेले ब्लेक कोलमन व बार्क्ले गुड्रो हे दोघे होते. हे मारामारीसाठीं घेतलेले नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम फळीसमोर उभें राहावें, शिक्षेमुळें आपला एक गडी कमी असतांना बचाव करावा, आणि संधि मिळतांच गोलहि करावा, हें त्यांचें काम. २०२० व २०२१ अशीं दोन्ही वर्षें चषक टँपा बे संघाकडे गेला. रेंजर्सनीं त्या उन्हाळ्यांत गुड्रोसाठीं जी मोठी किंमत मोजली, ती या दमाची.

आतां रेंजर्सच्या फेररचनेचें फळ पाहूं. १३ ऑक्टोबर २०२१ रोजीं त्यांचा नवा हंगाम सुरू झाला, आणि योगायोग असा कीं पहिलाच सामना वॉशिंग्टनशीं, वॉशिंग्टनच्या घरीं होता. एवढी तयारी करून गेलेला संघ तो सामना ५ विरुद्ध १ गोलांनीं हरला. पुढें १४ नोव्हेंबर रोजीं न्यू जर्सीच्या एका गड्यानें पायांत पाय घालून पाडल्यामुळें सॅमी ब्ले याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. संघांत धाकाचा गडी असूनहि हें घडलें. बुचनेविचच्या मोबदल्यांत आलेला हा गडी त्या हंगामांत केवळ १४ सामने खेळूं शकला. तिकडे सेंट लुईला गेलेल्या बुचनेविचनें ७३ सामन्यांत ३० गोल केले.

तरीहि रेंजर्सचा तो हंगाम उत्तम गेला. ८२ पैकीं ५२ सामने जिंकून त्यांनीं ११० गुण मिळविले. याचें श्रेय कोणाला? ख्रिस क्रायडर यानें ५२ गोल केले. इगोर शेस्टर्किन याला वर्षांतील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचें व्हेझिना पारितोषिक मिळालें. पानारिननें ७५ सामन्यांत गोल व गोलास साहाय्य मिळून ९६ गुण जमविले. या तिघांपैकीं एकहि त्या उन्हाळ्यांत आणलेला नव्हता. नव्यांपैकीं सर्वांत उपयोगी पडला तो गुड्रो. ७९ सामने खेळून त्यानें १३ गोल केले आणि बचावाचा मोठा भार उचलला. रीव्ह्जनें सोबत्यांना धीर दिला, सहकाऱ्यांत तो प्रियहि होता. परंतु सामने फिरविणें हें त्याचें काम नव्हतें आणि तें त्याच्याकडून झालेंहि नाहीं.

बादफेऱ्यांत पहिल्या फेरींत पिट्सबर्ग संघानें रेंजर्सवर तीन विरुद्ध एक अशी आघाडी घेतली. आणखी एक सामना हरतांच सारें संपलें असतें. ११ मे २०२२ रोजींच्या पांचव्या सामन्यांत रेंजर्सचा जेकब ट्रूबा यानें पिट्सबर्गचा नायक सिडनी क्रॉस्बी याला धडक दिली आणि हात डोक्याला लागून क्रॉस्बी जायबंदी झाला. ट्रूबाला शिक्षा झाली नाहीं. क्रॉस्बीला पुढला सामना मुकला. मालिकेचें पारडें त्या क्षणापासून फिरलें. एक वर्षापूर्वीं ज्या शहरानें आपल्या उत्तम गड्याच्या दुखापतीबद्दल न्याय मागितला होता, त्या शहरांत या वेळीं आनंद झाला. नियम सैल असले म्हणजे प्रत्येक बाजू आपल्या वेळेपुरती न्यायाची चाड बाळगते, असें यावरून दिसतें. धाकाचे गडी बाळगून ही उणीव भरून निघत नाहीं. ती नियमकर्त्यांनींच भरून काढावयाची असते.

१५ मे रोजीं सातवा सामना बरोबरींत सुटून जादा वेळेंत गेला. तेथें निर्णायक गोल केला तो आर्तेमी पानारिननें. ज्याला वर्षापूर्वीं बर्फावर आपटलें होतें, त्याच पानारिननें. पुढील फेरींत कॅरोलिना संघावरहि सात सामन्यांत विजय मिळाला. मग गांठ पडली ती टँपा बे संघाशीं. पहिल्या फेरींत घोटा मोडून बाहेर बसलेला गुड्रो या मालिकेंत परत उतरला. रेंजर्सनीं पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे चारहि गमावले. दमाचा जो नमुना त्यांनीं विकत आणला होता, त्याचें मूळ कोठार अजून टँपा बे येथेंच होतें.

त्या उन्हाळ्यांतील चौघांचें पुढें काय झालें? नेमेथला २०२२ च्या जुलैमध्येंच ॲरिझोना संघाकडे देण्यांत आलें, आणि त्याचा करार अंगावरून उतरविण्यासाठीं वरून निवडीच्या पाळ्या मोजाव्या लागल्या. रीव्ह्ज २०२२ च्या नोव्हेंबरांत मिनेसोटा संघाकडे गेला. मोबदला पांचव्या फेरींतील एक पाळी. ब्ले २०२३ च्या फेब्रुवारींत सेंट लुईला परत गेला. गुड्रो सर्वांत अधिक टिकला. त्याचा संबंध २०२४ च्या जूनमध्यें संपला. रागाच्या भरांत केलेली खरेदी तीन वर्षांत अशी पांगली.

या हकीकतीवरून बळाला महत्त्व नाहीं असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. बर्फावरील हॉकी हा कठोर खेळ आहे, आणि अंगांत दम नसलेला कुशल संघ एप्रिल-मे महिन्यांत टिकत नाहीं, हें टँपा बे संघानें स्वतः हरून शिकून घेतलें. प्रश्न इतकाच आहे कीं, दम संघांत कोठें असावा? तो दहा मिनिटें खेळणाऱ्या एका पहिलवानाच्या मुठींत ठेवून भागत नाहीं. वीस मिनिटें खेळणाऱ्या गड्याच्या पायांत, पाठींत आणि मनांत तो असावा लागतो. दांडगाई उन्हाळ्याच्या बाजारांत एका दिवसांत मिळते. दमाचे गडीहि मिळतात, परंतु ते पारखण्यास शांत डोकें आणि वेळ लागतो, आणि अपमान ताजा असतांना नेमक्या याच दोन गोष्टी माणसाजवळ नसतात. म्हणून शहाणे व्यवस्थापक मे महिन्यांतील राग जुलैच्या बाजारांत घेऊन जात नाहींत. आधीं ते आपल्या उत्तम गड्यांची यादी समोर ठेवतात, त्यांतील कोणता गडी धडक सोसूनहि खेळत राहतो हें पाहतात, आणि मग त्याच्या शेजारीं कोण उभा करावा याचा विचार करूं लागतात.